उशिरा उठणारं पारडं

हळदीचा हंगाम असला की किशनरावांचा आवाज नांदेडच्या मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, दोन गल्ल्या ओलांडून बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत यायचा. मोंढ्यात लिलावाला हराशी म्हणतात, आणि ही हराशी पुकारायचं काम किशनरावांनी उभा जन्म केलं. ढिगाशेजारी उभं राहून भाव चढवत न्यायचा, मग हात वर करून एक बोट, 'एक', दुसरं बोट, 'दोन', आणि एक दम खाऊन 'तीन!' ते तीन सुटलं की त्यावर ना शेतकरी बोलायचा ना व्यापारी. घरातही त्यांचा हाच कायदा होता. भाजीतल्या मिठावरून सुरू झालेलं भांडणसुद्धा ते तिनावर मिटवायचे, आणि बायको साखराबाई ताट उचलत म्हणायची, "झाली हराशी. आता बोलायची सोय न्हाई."

यंदा उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि जीभ जागची हलेना. डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं की त्यांना ऐकू येतं, कळतं सगळं, शब्दही डोक्यात शाबूत आहेत. फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. डाव्या हातात पेन दिलं तरी कागदावर नुसत्या रेघोट्या उमटत, कारण लिहिण्याची वाटही तीच. ही वाट उघडलीच तर पहिल्या काही महिन्यांत उघडते, म्हणून आवाजाचा सराव मोडू देऊ नका, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

सराव म्हणजे आरशासमोर बसून 'आ' करायचं. ज्याच्या आवाजावर हळदीचे डोंगर हलले त्या माणसाला आरशात बघून आ कर म्हणणं म्हणजे थट्टाच झाली. किशनराव दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसा पालथा घातला.

त्यांची लेक शिवांगी लातूरला एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवते. ती रडत बसणाऱ्यांतली नाही, आणि त्याचा तिला थोडा गर्वही आहे. तिनं आबांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर एक मोठा तराजू. माइकसमोर आवाज काढला की एक पारडं वर जातं, आवाज टिकेल तेवढा वेळ वर राहतं, श्वास संपला की खाली येतं. चित्र आणि आवाज हाताळण्यासाठी तिनं एक तयार लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांची नव्हे. जगभरच्या लोकांनी आधीच लिहून ठेवलेलं काम, जे आपण आपल्या प्रोग्रॅमला जोडायचं आणि अर्धी मेहनत वाचवायची. लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ बंद पडला होता, त्याचा जुना कॉम्प्युटर तिनं आणला. त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे फक्त चित्र काढायचं काम करणारा वेगळा भाग.

बसवताना तिनं कॉम्प्युटरचा डबा फिरवून आईला मागची बाजू दाखवली होती. "हे बघ माय, ही पांढरी चमकती पट्टी आहे ना, हे कार्ड. आबांचं पारडं हेच उचलतं. बाकीचा डबा नुसता हमाल." तिचे कॉलेजातले विद्यार्थी कधी देत नाहीत इतकं लक्ष देऊन साखराबाईनं ते ऐकलं. पुढचं सगळं रामायण त्या लक्ष देण्यातून झालं.

तराजू बघितल्यावर किशनराव बसले. पहिल्या दिवशी घशातून नुसती घरघर आली, तरी पारडं तसूभर हललं, आणि त्यांनी मान वळवून बायकोकडे असं बघितलं की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. पोळ्यापर्यंत पारडं अर्ध्यावर जाऊ लागलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी 'आ' इतका लांबवला की पारडं वरच्या खुणेला टेकलं, आणि पाहुणे वरण गार होईपर्यंत बघत राहिले.

दसरा झाला आणि गाडी बिघडली.

"पारडं उठतच न्हाई म्हण," साखराबाई फोनवर सांगत होती. "म्हंजी उठतंय, पर मागून. ह्यांचा आवाज सपून जातंय, मंग ते उठतंय. तेबी अडखळत अडखळत."

"मशीनला काही केलं का? काही बदललं?"

"न्हाई गं माय. मी कशाला बदलू?"

"वायरी सगळ्या नीट बसल्यात?"

"हाव, गच्च बसल्यात. मी सोता बघितल्या."

दोन्ही उत्तरं खरी होती, आणि दोन्ही उत्तरांनी शिवांगीला व्यवस्थित आडरानात नेलं.

तिचा पहिला संशय स्वतःवरच. दसऱ्याच्या आधीच तिनं प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवली होती, पारड्यात हळदीचा ढीग दिसावा म्हणून. ढिगाचं चित्र जड झालं असेल, असं धरून तिनं ढीग काढून टाकला. पारडं तसंच. मग जुनी आवृत्ती परत घातली. पारडं तसंच. लातुरातून नांदेडचा कॉम्प्युटर चालवायची सोय तिनं करून ठेवली होती, त्यातून तिनं प्रोग्रॅमची नोंद वाचली. तिथं एक ओळ साफ लिहिलेली होती: हार्डवेअर रेंडरर मिळाला नाही, सॉफ्टवेअरवर काम चालू. म्हणजे कार्ड हात बांधून बसलंय आणि चित्र काढायचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडलाय. आवाज ऐकायचा त्यानंच, मोजायचा त्यानंच, चित्रही काढायचं त्यानंच. मग उशीर होणारच.

ओळ खरं बोलत होती. पण दुरून कॉम्प्युटर चालवला तर अशी ओळ कधीकधी उगीचही येते, हे शिवांगीला ठाऊक होतं. शहाण्या माणसाची अशी गंमत होते: खोटं बोलणाऱ्यावर तो विश्वास ठेवत नाहीच, खरं बोलणाऱ्यावरही ठेवत नाही. तिनं कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा बसवला. कॉम्प्युटरच्या यादीत कार्ड ठणठणीत दिसत होतं, नाव-गावासकट. ती लायब्ररी वापरणारे लोक जिथं एकमेकांना विचारतात, त्या फोरमवर तिनं प्रश्न टाकला. पोलंडातल्या कुणा भल्या माणसानं लिहिलं की कार्ड दिसत असेल तर चूक लायब्ररीची, नवी लायब्ररी घ्या. नवी घेतली, प्रोग्रॅम पुन्हा जोडला, पाठवला. दुसऱ्यानं लिहिलं, जुनी घ्या. तीही घेतली. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, पोरांचे चुकलेले प्रोग्रॅम तपासता तपासता ती मनात स्वतःचा चुकलेला प्रोग्रॅम तपासत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते सगळं चाललं होतं.

वायर मागून नीट बघावी, निदान फोटो मागवावा, हे तिला का सुचलं नाही? कारण वायर निघालेली असती तर पडद्यावर चित्रच आलं नसतं. चित्र तर येत होतं. तिच्या हिशेबात वायरीचा विषय तिथंच संपला.

तिकडे किशनराव सरावाला बसेनासे झाले. साखराबाई खुर्ची पडद्यासमोर ठेवायची, माइक पुढे करायची, आणि ते मान फिरवून पडद्याकडे पाठ करायचे. डावा हात भिंतीकडे खाली लांब करायचे, हलवायचे, घशातून आवाज काढायचे, बायकोकडे बघायचे, पुन्हा हात लांब करायचे. तिनं पाणी दिलं. पंखा बंद केला, चालू केला. भिंतीलगतची चप्पल आणून पायाशी ठेवली. त्यांनी चपलेला पायानं ढकललं आणि डोळे मिटून घेतले.

"चिडून राहिलेत लई," ती लेकीला म्हणाली. "दावती तुला, बघ."

शिवांगीनं व्हिडिओवर बघितलं. आबा पाठ करून बसलेले. मानेवरचे केस वाढलेले, सदऱ्यातला डावा हात भिंतीकडे पसरलेला. दिवसभर परीक्षा, रात्रभर हा प्रोग्रॅम, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते बघायलाही तयार नाहीत, हे बघून तिचा तोल गेला.

"आबा, इकडे बघा. मी रोज मरमर करतेय इथं. पारडं उशिरा उठतंय, मान्य आहे, पण आवाज तर काढाल? का तुम्हाला बोलायचंच नाही आता? तसं असेल तर तशी खूण करा एकदा. मी मशीन विकून टाकते."

किशनरावांनी वळून फोनकडे बघितलं. हात खाली घेतला. त्यानंतर त्यांनी तो पुन्हा भिंतीकडे लांब केला नाही, आणि सरावाच्या खुर्चीतही ते बसले नाहीत. साखराबाईनं कॉम्प्युटरवर जुनी साडी पांघरली.

परीक्षा संपल्या तशी दिवाळीच्या आधी शिवांगीनं लातूरच्या स्टँडवरून सकाळची बस धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तिच्या डोक्यात लायब्ररी सोडून काही नव्हतं. म्हणजे असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर ती बोललेलं वाक्य तिला खिडकीच्या काचेत दिसत होतं आणि तिला लाज वाटत होती.

घरी आल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही. आबा बाजेवर होते, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, पण नजर दिली नाही. तिनं कॉम्प्युटरवरची साडी काढली, तो सुरू केला. आता ती समोर होती, दुरून चालवायची भानगड नव्हती, आणि तरी नोंदीत तीच ओळ: हार्डवेअर रेंडरर मिळाला नाही. म्हणजे ओळ पहिल्यापासून खरं बोलत होती. ती खुर्चीत मागं टेकली. लायब्ररी कोणती वापरायची हा प्रश्न आता संपला होता. राहिला होता हा डबा.

बाजेवर हालचाल झाली. किशनराव कोपरावर उठले होते. खूप दिवसांनी त्यांनी हात लांब केला होता, भिंतीकडे, खाली.

शिवांगीनं त्या हाताकडे बघितलं. मग हाताच्या रोखानं बघितलं. फोनच्या चौकटीत तिला नुसती भिंत दिसली होती. इथं, भिंत आणि बाज यांच्या मध्ये, फरशीवर डबा होता, आणि आबांचं बोट डब्याच्या मागच्या बाजूवर होतं.

ती गुडघ्यावर बसली आणि डबा ओढून फिरवला.

कार्डाच्या चमकत्या पट्टीवर हळदीची दोन बोटं आणि कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. पट्टीच्या भोकात झेंडूचं एक फूल अडकवलेलं, वाळून काळं पडलेलं, आणि त्याला दोऱ्यानं आपट्याचं पान बांधलेलं. पडद्याची वायर त्या पट्टीला नव्हतीच. ती वर, डब्याच्या स्वतःच्या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खोबणीत गच्च बसलेली होती. त्या खोबणीमागेही चित्र काढायची जुजबी सोय होती, पण कार्ड असल्यामुळे तिचा ड्रायव्हर कुणी कधी बसवलाच नव्हता. ती आपली मुकाट्यानं चित्र ओढत होती, आणि लायब्ररी ज्या खोबणीला पडदा लागला आहे तिथंच ग्राफिक्सची ताकद शोधून रिकाम्या हातानं परत येत होती.

"माय," शिवांगी म्हणाली. "हे काय आहे?"

साखराबाई पदर सावरत आली. "खंडेनवमीची पूजा हाय की."

"मी विचारलं होतं ना, मशीनला काही केलं का म्हणून?"

"आता पूजा म्हंजी काही करणं हाय का? हत्यार पुजावं लागतंय खंडेनवमीला. दरवर्षी ह्यांचा मोंढ्यातला काटा पुजीत होतो. यंदा काटा कुठला? मोंढाच सुटला. मंग इचार केला, ह्यांचं हत्यार आता हेच की. तूच म्हणली व्हतीस, पारडं ही पट्टी उचलती म्हून. डबा पुसला, वायरी काढल्या, पट्टीला हळदकुंकू लावलं."

"आणि वायर?"

"पुजलेल्या जाग्यावर वायर कशी खुपसू? वर तसलंच दुसरं घर दिसलं, तिथं लावली. चित्र बी आलं."

"पण दसरा होऊन किती दिवस झाले. पूजा उचलायची होतीस."

साखराबाई बाजेकडे न बघता, हळू आवाजात बोलली. "आपल्या घरची रीत तुला ठावं हाय. ज्याचं हत्यार त्यानं उचलायचं. उजव्या हातानं. डाव्या हातानं पूजा उचलीत न्हाईत." तिनं एकदा पदराचं टोक पिळलं. "म्हणलं, हात सुधरू दे. सुधरला की उचलतील. तवर ऱ्हाऊ दे."

पोलंडचा माणूस, दोन लायब्ऱ्या, काढून घातलेला ढीग, सगळं शिवांगीच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि या सगळ्याच्या मागं आई एका हाताची वाट बघत होती. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

तिनं वळून आबांकडे बघितलं. त्यांचा हात अजून तसाच लांब होता. ते चिडले नव्हते. ते रुसलेही नव्हते. पहिल्या दिवसापासून या घरात बिघाड कुठं आहे हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो सांगत होता, रोज सांगत होता, त्याच्याजवळ होतं तेवढ्या भाषेत. त्यांनी साखराबाईला वायर वर लावताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तिनं त्यांना फोनवर विचारलं होतं, तुम्हाला बोलायचंच नाही का?

माफी मागायची होतीच. आधी काम उरकावं म्हणून ती उठली. काम हातात असलं की तिला बरं असतं.

कॉम्प्युटर बंद करून, वायरी काढून तिनं डबा फरशीवरून उचलला आणि बाजेवर, त्यांच्या मांडीशी आणून ठेवला. साखराबाई "अगं, अगं" म्हणाली, पण आडवी आली नाही.

"तुमचं हत्यार आहे," शिवांगी म्हणाली. "उचला."

किशनरावांनी डब्याकडे बघितलं. मग बायकोकडे. मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरला, मांडीवरून उचलला, आणि सावकाश पट्टीपर्यंत नेला. बोटं वळत नव्हती. त्यांनी तो हात आडवा फिरवला आणि बोटांच्या पाठीनं फूल बाहेर पडलं. आपट्याचं पान दोऱ्यासकट चादरीवर आलं. पुन्हा हात फिरवला, कुंकू पुसलं गेलं आणि बोटांना लागलं. साखराबाईनं दोन्ही हात जोडले, आणि मग तेच हात तोंडावर दाबून ती स्वयंपाकघराकडे गेली.

शिवांगीनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं खोबणी साफ केली, डबा जागेवर ठेवला, बाकीच्या वायरी जोडल्या, पडद्याची वायर पट्टीत बसवली. कॉम्प्युटर सुरू करून नोंद उघडली. ओळ बदलली होती: हार्डवेअर रेंडरर मिळाला. एरवी ही ओळ बघून ती टाळी वाजवते. आज तिनं नुसती वाचली आणि खुर्ची आबांसाठी वळवली.

ते येऊन बसले. त्यांनी माइककडे बघितलं, श्वास घेतला. 'आ' बारीक होता, इतक्या दिवसांच्या खंडानं खरखरीत झालेला, पण तो सुटला त्याच क्षणी पारडं उठलं. मागून नाही, अडखळत नाही. आवाज थरथरला तसं तेही थरथरलं, आवाज खाली आला तसं खाली आलं. किशनरावांनी पुन्हा केला. पुन्हा उठलं. साखराबाई दारात येऊन उभी राहिली होती.

पारडं खाली आलं तेव्हा शिवांगी त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली.

"आबा, तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. वर नको ते बोलले. माझं चुकलं."

साखराबाईलाही तेवढ्यात वाट मिळाली. "माझंबी चुकलं. म्या तरी इचारायचं की न्हाई तुमाला. चप्पल आणून देत बसले."

"तुझं काय चुकलं माय? वायर मी बघायला हवी होती."

"तसं कसं? लावली तर म्या नं?"

"मी नीट विचारलंच नाही."

दोघींचं ते असं चढत चाललं, एक म्हणे माझं, दुसरी म्हणे माझं. किशनराव एकीकडून दुसरीकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात वर केला.

दोघी गप्प झाल्या. त्यांनी एक बोट उभं केलं आणि मोंढ्यात धरत तेवढा वेळ धरलं. मग दुसरं. तिसरं बोट वर आलं तेव्हा त्यांनी मान मागं घेतली, ओठ ताणले, जीभ दातांमागं नेऊन टेकवली, ती निसटली, त्यांनी पुन्हा टेकवली.

"ती…" ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "…न."

पडद्यावर पारडं दोनदा उठलं, दोन्ही वेळा बरोबर त्यांच्यासोबत. त्यावर मग कुणी काही बोललं नाही.